रविवारचा लॅपटॉप

लॅपटॉपला एका बाजूनं यशोधरानं हात घातला आणि दुसऱ्या बाजूनं... त्यानं.

"हॅलो, हा मी घेतेय," ती म्हणाली.

"अहो, पण मी कालच फोन करून सांगून ठेवलंय."

"फोन काय कुणीपण करतं. मी इथं येऊन उभी आहे."

"उभा तर मीपण आहे!"

खरंच होता. उंच, किडकिडीत, कान जरा बाहेर आलेले, आणि उल्हासनगरच्या तीन नंबरच्या बाजारातली सगळी धूळ शर्टावर घेऊन आलेला. परसराम अंकलच्या जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात गिऱ्हाईकं भांडतात ती भाव पाडायला. आपल्याकडच्या मालासाठी दोघंजण खेचाखेची करतायत हे अंकलनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं असावं. आणि माल तरी काय! काळा, जाडजूड, कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेला लॅपटॉप. भंगारवाल्यानंसुद्धा नाक मुरडलं असतं. पण त्याच्या पडद्यावर खाली कोपऱ्यात एक निळं बदक बसलेलं होतं, आणि दोघांचे डोळे त्या बदकावर खिळले होते.

ते बदक म्हणजे झुबी.

झुबी हे कार्टून हलवायचं सॉफ्टवेअर. त्यात एक चित्र काढायचं, मग त्याच्यावर दुसरं. मागचं चित्र खाली फिकं दिसत राहायचं, म्हणजे हात कुठं होता आणि आता कुठं न्यायचा ते कळायचं. असं एकेक चित्र काढत गेलं की नवरी मान वळवून हसायची. यशोधराचा धंदाच तो. अंबरनाथला घरी बसून ती व्हॉट्सॲपवरच्या लग्नपत्रिकांचे व्हिडिओ करायची. सिंध्यांची लग्नं, आगऱ्यांच्या हळदी, स्वतःच्या समाजातले मंगल परिणय... सगळ्यांच्या नवऱ्या तिच्या झुबीतून मिरवत निघायच्या.

आणि एके दिवशी कुठल्याशा थंड देशातल्या त्या चार माणसांच्या कंपनीनं "आजवरच्या प्रेमाबद्दल आभार" एवढा निरोप टाकून दुकान बंद केलं! जिथं झुबी आधीपासून चालू आहे तिथं चालेल, नव्यानं मात्र कुठंच बसणार नाही. आता नशीब बघा. नेमकं त्याच आठवड्यात यशोधराच्या भावानं "थांब ताई, तुझ्या कॉम्प्युटरचा स्पीड वाढवून देतो" म्हणत कॉम्प्युटर साफ पुसून टाकला होता. भाऊच तो, मारून मारून किती मारणार? जुनी चित्रं पेनड्राइव्हवर सुखरूप होती, पण ती उघडायची कशात?

"माझा लॅपटॉप भाचीनं टेबलावरून खाली ढकलला," तो मुलगा सांगत होता. "तुषार माझं नाव. सोनिवलीला राहतो, बदलापूरच्या पुढं. एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी सेफ्टीच्या फिल्म करतो. हेल्मेट घाला, हातमोजे घाला, तसल्या. सगळं काम अडलंय हो माझं."

"माझ्या पाच नवऱ्या अडल्यात," यशोधरा म्हणाली.

अंकलनी कपाळाला हात लावला. "अरे लड़ो मत, बेटा. आधा-आधा पैसा दो, और एक हफ्ता इसका, एक हफ्ता उसका. हर संडे इधर आके बदली करो. नया सॉफ्टवेअर तो दोनों को ढूँढना ही है ना? जिसको पहले मिला, वो लॅपटॉप छोड़ देगा. बात ख़तम."

मग त्यांनी काउंटरखालून एक विटेएवढा चार्जर काढला. "और ये जान से ज़्यादा संभालना. बैटरी मर गई है. इसके बिना चालू भी नहीं होगा. ऐसा पिन पूरे उल्हासनगर में दूसरा नहीं है."

उल्हासनगरात मिळत नाही म्हणजे जगात मिळत नाही. दोघांनी मुकाट मान डोलावली.

पहिला आठवडा तुषारचा गेला. दुसऱ्या रविवारी लॅपटॉप घरी आणून यशोधरानं झुबी उघडली, तर समोर त्याचं काम तसंच पडलेलं. बघू नये, हे तिला कळत होतं. पण नजर काय ऐकते? पिवळं हेल्मेट घातलेला एक कामगार तेलावरून घसरत होता, उठत होता, पुन्हा घसरत होता. कान बाहेर आलेले, चेहरा भाबडा. तिला एकटीलाच हसू फुटलं. मग तिनं त्याचा उजवा हात पाहिला आणि तिच्यातली मास्तरीण जागी झाली.

पुढच्या रविवारी दुकानासमोरच्या गाडीवर दाल-पकवान खाता खाता ती म्हणाली, "तुमच्या हेल्मेटभाऊला उजव्या हाताला करंगळीच नाही. विसरलात वाटतं? सगळ्या चित्रांत?"

"विसरलो नाही." तुषारनं कडक पुरीसारखं पकवान मोडलं, डाळीत बुडवलं, पण खाल्लं नाही. "तो हात बाबांचा आहे. मी सातवीत होतो. कारखान्यात प्रेस मशीनमध्ये गेली करंगळी. चेहरा माझाच काढलाय, पण हात... बाबांचा ठेवला. दुसरीकडं सगळीकडं तयार हात मिळतात, पाच बोटांचे. झुबीत मला तो एकेक करून काढता येतो. म्हणून तर एवढी मारामारी केली तुमच्याशी."

नाक खुपसलं आणि तोंडघशी पडली! तिनं आपल्या ताटलीतला कांदा त्याच्या ताटलीत सरकवला. आपल्या वाटचा कांदा यशोधरा कुणाला देत नसे. घरचं कुणी तिथं असतं तर त्यांनी काय ते ओळखलं असतं.

"सॉरी," ती म्हणाली. "आणि अहो-जाहो बंद करूया का? डाळीबरोबर जड जातं."

"चालेल... यशोधरा."

"यशू म्हटलं तरी चालतं."

पुढच्या पाळीला लॅपटॉप घरी आला आणि तिच्या हाताला चाळा लागला. तिनं झुबीत एक कोरं पान उघडलं आणि डाव्या टोकाला एक नवरी काढली. पांढरी साडी, केसांत गजरा. दोन पावलं चालवली आणि फाइलला नाव न देताच लॅपटॉप बंद केला. पुढच्या खेपेला तो परत आला तेव्हा त्याच पानाच्या उजव्या टोकाला हेल्मेटभाऊ उभा होता. त्यानंही दोन पावलं टाकली होती. मध्ये एक पाटी रोवलेली: 'सुरक्षित अंतर ठेवा.'

पाटी बघून ती एवढी हसली की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

इकडं नव्या सॉफ्टवेअरचा शोधही चाललाच होता. दर रविवारी दोघं मोबाइलवर, नाहीतर अंकलच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर एखादं नवं सॉफ्टवेअर उघडून बसायचे. त्याला नाव पडलं 'बघण्याचा कार्यक्रम'. फक्त पोह्यांच्या जागी दाल-पकवान.

"हे बघ, दिसायला राजबिंडा," तुषार म्हणायचा. "परदेशात नाव आहे. घरचं मोठं."

"मागणी काय?"

"दर महिन्याला भाडं. डॉलरमध्ये. आयुष्यभर."

"म्हणजे लग्नानंतर दर महिन्याला हुंडा? नको गं बाई!"

दुसरं फुकट होतं, पण उघडलं की एवढी बटणं अंगावर यायची... "हा तर अख्खी भावकी घेऊन आलाय," यशोधरा म्हणाली. तिसरं हुशार निघालं. पहिलं चित्र आणि शेवटचं चित्र दिलं की मधली सगळी ते आपोआप काढायचं.

"मग आपण काय करायचं?" तुषारनं विचारलं.

"चहा ठेवायचा."

"आणि त्यानं काढलेलं बघ ना, नवरी कशी चाललीये. सरकत्या जिन्यावर उभी असल्यासारखी."

"माझी नवरी चालते. तिचे पाय दुखतात, पदर पायात येतो, मग ती चिडते. हे ह्याला कोण सांगणार?"

तुषार तिच्याकडं बघतच राहिला... आणि त्याच्या पकवानावरची डाळ ओघळून थेट पँटवर आली. अंकल काउंटरमागून म्हणाले, "बेटा, सेफ्टी फर्स्ट!"

आणि मग आलं लिंबू.

म्हणजे त्याचं खरं नाव लांबलचक होतं, पण चिन्ह होतं पिवळं लिंबू, म्हणून लिंबूच म्हणायचे. साधं, आटोपशीर. एकदाच पैसे भरायचे, तेही परवडतील इतके. एकेक चित्र हातानं काढता येत होतं, मागचं चित्र खाली फिकं दिसत होतं, आणि कहर म्हणजे झुबीची जुनी चित्रंसुद्धा त्यात उघडत होती! यशोधरानं त्यात एक हात काढून पाहिला. पेन अगदी झुबीसारखं चाललं. ती आनंदानं ओरडणारच होती, तेवढ्यात थबकली. सॉफ्टवेअर मिळालं. म्हणजे करार संपला. म्हणजे रविवार संपला.

"कसं वाटतंय?" तुषारनं विचारलं.

"ठीक आहे..." ती नाक उडवून म्हणाली. "पण लिंबू फारच पिवळं आहे नाही?"

"हो ना!" तुषार घाईघाईनं म्हणाला. "मीपण तेच म्हणणार होतो. डोळ्यांना त्रास होतो."

"उगाच आंबट आंबट वाटतं."

"रिजेक्ट!"

आता तुम्हीच सांगा, चिन्हाच्या रंगावरून कुणी स्थळ मोडतं का? पण दोघांनी मोडलं, वर एकेक पकवान जास्तीचं खाल्लं.

त्या रात्री यशोधरानं गुपचूप लिंबू घरच्या कॉम्प्युटरवर उतरवलं. पैसे भरेपर्यंत ते व्हिडिओच्या कोपऱ्यात स्वतःचा छोटा पिवळा शिक्का मारायचं. एक पत्रिका घाईची होती. झेंडूच्या तोरणात कुणाला दिसतंय, म्हणून तिनं ती तशीच पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी वरमाईचा फोन! शिक्का दिसला वाटतं, म्हणत यशोधरानं तो उचलला. वरमाई म्हणाल्या, "पोरी, कोपऱ्यात लिंबू टाकलंस ते फार छान केलंस हो. जोडप्याला नजर नको लागायला!"

तेव्हापासून तिचं सगळं काम लिंबूतच चालू झालं. लॅपटॉप ती आणायची ते फक्त त्या एका पानासाठी. नवरी तिकडून आणि हेल्मेटभाऊ इकडून येतच होते, पण जवळ काही येत नव्हते. नवरी मध्येच थांबून चपलेचा अंगठा नीट करायची. हेल्मेटभाऊ बुटाची नाडी बांधायचा. नवरीला गजरा सरळ करायचा असायचा. हेल्मेटभाऊला एकदम शिंकच यायची.

यशोधराच्या आई नीलिमाताई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. एका रविवारी यशोधरा आरशासमोर तिसरी ओढणी लावून बघत होती, तेव्हा त्या म्हणाल्या, "मुलं बघायला तुला वेळ नाही, आणि सॉफ्टवेअर बघायला दर रविवारी नटून जातेस. इतके रविवार झाले, एकही पसंत पडू नये?"

"आई, सॉफ्टवेअर म्हणजे काय भाजी आहे का?"

"तेच म्हणते मी. भाजी असती तर एव्हाना सडली असती. घेऊन ये एकदा घरी."

"सॉफ्टवेअर?"

"हो," आई शांतपणे म्हणाली. "सॉफ्टवेअरच."

त्याच रविवारी घोटाळा झाला. आईच्या बोलण्यानं डोकं जागेवर नव्हतं, म्हणून यशोधरा लॅपटॉप तुषारला देऊन आली आणि घरी येऊन बघते तर चार्जर टेबलाखाली तसाच! विटेएवढा. चार्जरशिवाय तो लॅपटॉप म्हणजे पोळपाट. 'आता फोन येईल,' ती म्हणाली. 'आता धावत येईल. अंबरनाथला, आपल्या घरी.' तिनं पडदे झटकले. आईनं न सांगताच चकल्या तळल्या.

सोमवारी फोन नाही. मंगळवारी नाही. गुरुवारी तिनंच मेसेज टाकला, 'काम कसं चाललंय?'

उत्तर लगेच आलं. 'झकास! आज हेल्मेटभाऊ शिडीवरून पडला. झुबी ती झुबीच.'

यशोधरानं मेसेज वाचला. टेबलाखालच्या चार्जरकडं पाहिलं. पुन्हा मेसेज वाचला. आधी तिला भयंकर राग आला. मग राग कुठं गेला कोण जाणे, आणि कान गरम झाले. ह्याला लॅपटॉपची गरजच नाही! मग दर रविवारी हा सोनिवलीहून बाइक हाणत, धूळ खात येतो तो कशासाठी? उत्तर तिला दिसत होतं, पण ते एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

रविवारी ती आधीच जाऊन बसली. तुषार आला, लॅपटॉपची बॅग काउंटरवर ठेवली, आणि नेहमीसारखं गाडीवाल्याला दोन प्लेट सांगायला वळला.

"थांब," ती म्हणाली. "आधी दाखव ना, कसा पडला?"

"कोण?"

"हेल्मेटभाऊ. शिडीवरून."

"अगं, आत्ता? इथं कुठं... म्हणजे प्लग..."

"प्लग आहे की. अंकल, प्लग आहे ना?"

"बहुत हैं," अंकल म्हणाले.

तिनं पिशवीतून चार्जर काढून त्याच्यासमोर ठेवला. तुषारनं चार्जरकडं पाहिलं. मग छताकडं. मग त्याचे ते बाहेर आलेले कान हळूहळू लाल होत गेले, आणि यशोधराला इतकं प्रेम दाटून आलं की हसू आवरायला ओढणी तोंडात धरावी लागली.

"शनिवारी कळलं मला," तो म्हणाला. "आपलं पान काढायला बॅग उघडली, तर चार्जरच नाही. तोवर तुला गुरुवारी थाप मारून बसलो होतो. आता फोन कुठल्या तोंडानं करणार?"

"म्हणजे तुला दुसरं सॉफ्टवेअर मिळालंय."

"हो."

"कधी?"

"...लिंबू."

तुषारनं बॅग हळूच तिच्याकडं सरकवली. "करार म्हणजे करार. मला आधी मिळालं, लॅपटॉप तुझा. मी सांगायला हवं होतं यशू, पण सांगितलं असतं तर... पुढच्या रविवारी यायचं काय कारण उरलं असतं?"

त्याचा आवाज एवढासा झाला होता. चेष्टा करायची म्हणून ती आली होती, पण आता तो खरंच निघायला वळतोय असं दिसल्यावर ती पटकन उठली.

"तुषार, थांब! मला नकोय लॅपटॉप."

"का?"

"कारण... मलापण..."

त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि एक व्हिडिओ लावला. सनई, झेंडूचं तोरण, मान वळवून हसणारी नवरी. आणि कोपऱ्यात, एवढंसं पिवळंधमक लिंबू.

"माझ्या मावसभावाची पत्रिका," तो म्हणाला. "मावशी सगळ्या गावाला सांगत सुटलीये, पोरीनं नजर काढायला लिंबू टाकलंय."

"तुला माहीत होतं?" यशोधरा ओरडली. "आणि तरी दर रविवारी माझ्यासमोर बसून बिचाऱ्या सॉफ्टवेअरांना नावं ठेवत होतास?"

"नावं तू ठेवत होतीस. मी फक्त मान डोलवत होतो."

"लबाड!"

"तू मोठी लबाड!"

"अरे, दुकान में गिऱ्हाईक है," अंकल म्हणाले. गिऱ्हाईक कुणीच नव्हतं, ते स्वतःच खुर्ची पुढं ओढून ऐकत बसले होते.

तुषारनं एक खोल श्वास घेतला. "यशू, मला तू आवडतेस. खूप. मी रोज रात्री देवाला सांगायचो, हिला सॉफ्टवेअर मिळू देऊ नको. माणसानं कुणाचं असं वाईट चिंतू नये, पण मी चिंतलं."

"मलापण आवडतोस तू." तिनं एका दमात म्हणून टाकलं, नाहीतर अडकलं असतं. "कधीपासून विचारू नकोस. त्या हातापासून. बाबांच्या हाताचं सांगितलंस ना, तेव्हापासून."

तुषार नुसताच हसला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"आणि आईनं घरी बोलावलंय," ती पुढं म्हणाली. "सॉफ्टवेअर म्हणून. चकल्या मऊ पडल्यात, पण खाव्या लागतील."

"तो अब बोलो," अंकलनी विचारलं, "ये डिब्बा किसका?"

"दोघांचा," दोघंही एकदम म्हणाले.

अंकलनी प्लग दाखवला. बदक उघडलं, पान उघडलं. नवरी आणि हेल्मेटभाऊ गेल्या खेपेला जिथं सोडले होते तिथंच उभे होते, आणि मधली पाटीही तशीच. तुषारनं खोडरबर घेऊन आधी पाटी पुसली. मग त्यानं हेल्मेटभाऊचा उजवा हात पुढं केलेला काढला, चार बोटांचा. पेन तिच्या हातात दिलं.

"मध्ये किती चित्रं ठेवायची?" त्यानं विचारलं. "अजून बरंच अंतर आहे."

"एकसुद्धा नको," यशोधरा म्हणाली. "पुष्कळ चालली ती. आता एकदम हातात हात."

तिनं नवरीचा हात काढला, त्याच्या हातात दिला, आणि त्या हातावर जिथं करंगळी नव्हती, बरोब्बर तिथं नवरीची करंगळी काढली.